‘जब्र’ म्हणजे जबरदस्ती नव्हे

सहामाही परीक्षेचे पेपर तपासत होतो. आठवीचा गठ्ठा होता. प्रश्न साधा होता : दुकानात ५० रुपयांची नोट दिली, सारख्या किमतीच्या ३ वह्या घेतल्या आणि दुकानदाराने ५ रुपये परत केले, तर एका वहीची किंमत किती? वहीची किंमत क्ष माना, समीकरण मांडा आणि सोडवा.

एका मुलीने समीकरण अगदी बरोबर मांडले होते : ५० − ३क्ष = ५. पुढच्या ओळीत तिने लिहिले, ३क्ष = ५० + ५. मग ३क्ष = ५५ आणि शेवटी क्ष = १८ पूर्णांक १/३. उत्तर चौकटीत, अक्षर सुंदर, खाडाखोड कुठे नाही. आम्ही लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला.

पेपर वाटले त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आली. डोळे भरलेले. म्हणाली, “सर, अब्बा म्हणतात, गणितात असेच मार्क मिळणार असतील तर नववीला जाऊन काय करायचं? घरी राहा, अम्मीला हातभार लाव.”

तिच्या अब्बांचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. असरनंतर मगरिबपर्यंत ती त्यांच्याबरोबर गल्ल्यावर बसते हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही विचारले, “बेटा, एखाद्या गिऱ्हाइकाने ५० ची नोट दिली आणि ५५ रुपयांचा माल घेतला, तर तू त्याला ५ रुपये परत देशील का?”

ती रडता रडता हसली. “परत कशाला देऊ? उलट मीच ५ रुपये मागेन.”

“मग तुझ्या पेपरात काय लिहिलंय ते वाच. तीन वह्यांचे किती झाले?”

तिने वाचले, आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, मी असा विचारच केला नाही. तुम्ही सांगितलं होतं, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. वजा होतं, मी अधिक केलं. पण चिन्ह का बदलायचं, सर? ही जबरदस्ती आहे का?”

हा प्रश्न आम्हाला लागला. जी मुलगी गल्ल्यावर पैशाची चूक करत नाही, तिच्या हातून वहीत पाच-दहा रुपये कसे निसटले? कारण दुकानात ती विचार करते आणि वहीत ती आमचा नियम पाळते. फुली तिच्या पेपरावर होती, पण चूक निम्मी आमची होती. आम्ही तिला सोडवण्याची रीत दिली, सोडवणे म्हणजे काय ते सांगितलेच नाही.

समीकरण म्हणजे काय, उकल म्हणजे काय?

मराठीत आपण ‘समीकरण’ म्हणतो, म्हणजे सम करणे, बरोबरीत आणणे. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात त्यालाच ‘मसावात’ म्हणतात. माणसामाणसांतील बरोबरीसाठी तकरीरीत आपण जो शब्द ऐकतो, तोच हा. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : डावीकडे जे आहे आणि उजवीकडे जे आहे, त्यांचे मोल सारखे आहे.

त्या दिवशी असरनंतर आम्ही तिच्या अब्बांच्या दुकानात गेलो. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे, पण जुना तराजू फळीखाली होता. तो काढायला सांगितला. साखरेच्या सारख्या वजनाच्या तीन पुड्या एका पारड्यात ठेवल्या आणि त्यांच्याजवळ ५० ग्रॅमचे एक माप ठेवले. दुसऱ्या पारड्यात २०० ची दोन आणि ५० ची दोन मापे ठेवली, एकूण ५०० ग्रॅम. काटा मधोमध थांबला.

“आता पुडी न उघडता सांग, एका पुडीचं वजन किती?”

तिने एका हाताने डावीकडचे ५० चे माप उचलले आणि दुसऱ्या हाताने उजवीकडचे ५० चे. काटा हलला नाही. तीन पुड्या बरोबर ४५० ग्रॅम, म्हणून एक पुडी १५० ग्रॅम. तिला कोणी सांगितले नव्हते की ५० ‘पलीकडे नेऊन’ वजा कर. पलीकडे काही गेलेच नाही. दोन्हीकडून सारखे उचलले गेले, एवढेच झाले.

तिचे अब्बा पाहत होते. म्हणाले, “सर, हे तर आम्ही रोज करतो. हेच गणित आहे का?”

होय, हेच. आम्ही कागदावर लिहिले : ३क्ष + ५० = ५००. यातला क्ष म्हणजे नुसते अक्षर नव्हे. ती बांधलेली पुडी आहे. तिच्या आत एक वजन आधीपासूनच आहे, फक्त आपल्याला अजून दिसलेले नाही. समीकरण हा खरे तर एक प्रश्न असतो : क्षच्या जागी कोणती संख्या ठेवली तर हे म्हणणे खरे ठरेल? जी संख्या ते खरे करते ती त्याची ‘उकल’. १०० ठेवा, डावी बाजू ३५० होते, म्हणणे खोटे. २०० ठेवा, ६५० होते, खोटे. १५० ठेवा, ५०० होते, खरे. म्हणून समीकरण सोडवणे म्हणजे चिन्हे इकडून तिकडे फिरवणे नव्हे. त्या वाक्याला खरे करणारी संख्या शोधणे म्हणजे सोडवणे. प्रत्येक पायरीवर दोन्ही पारड्यांना सारखा न्याय दिला, तर खरे शेवटपर्यंत खरेच राहते.

‘जब्र’ या शब्दाचा अर्थ

आता तिच्या ‘जबरदस्ती’कडे येऊ. इंग्रजी माध्यमाची मुले या विषयाला ‘अल्जिब्रा’ म्हणतात. तो शब्द अरबी ‘अल-जब्र’वरून आला आहे. उर्दूत आपण जुलूम-जबर म्हणतो, म्हणून मुलांना वाटते की आकड्यांवर जबरदस्ती करण्याचे हे शास्त्र असावे. पण अरबीत जब्रचा एक जुना अर्थ आहे : मोडलेले हाड पुन्हा जागेवर बसवणे, तुटलेले सांधणे. हाड मोडून पट्टी किंवा प्लास्टर बांधलेले असेल तर वुजू करताना आपण त्यावर मसह करतो. फिकहच्या किताबांत त्या पट्टीला ‘जबीरा’ म्हणतात. जब्र आणि जबीरा एकाच धातूचे शब्द आहेत. स्पॅनिश भाषेतही हाडे बसवणाऱ्याला पूर्वी ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत.

गणितात मोडलेले हाड कोणते? ५० − ३क्ष = ५ हेच पाहा. यात ५० पुरे नाहीत. त्यांतून तीन वह्यांची किंमत निघून गेली आहे, म्हणजे ५० मोडलेले आहेत. ते सांधायचे तर निघून गेलेले ३क्ष परत घालावे लागतील. पण एका पारड्यात घातले की दुसऱ्यातही तेवढेच घालायला हवे. म्हणून :

५० = ५ + ३क्ष

हा जब्र. आता दोन्हीकडे पाहा. डावीकडच्या ५० मध्ये ५ आहेत आणि उजवीकडेही ५ आहेत. समोरासमोर ठेवून सारखे सारखे दोन्हीकडून काढून टाका :

४५ = ३क्ष

याला ‘मुकाबला’ म्हणतात, म्हणजे समोरासमोर ठेवून तोलणे. शेवटी तीन वह्यांचे ४५, तर एका वहीचे १५. आता पडताळा घ्या : १५ च्या तीन वह्या ४५ रुपयांच्या, ५० मधून ४५ गेले, ५ परत. दुकानदारही खूश आणि गिऱ्हाईकही खूश.

जुन्या उर्दू पुस्तकांत या विषयाचे नावच ‘जब्र-ओ-मुकाबला’ असे असे. सगळी रीत नावातच आहे : तुटलेले सांधा, मग दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा. चिन्ह ‘बदलते’ असे आपण म्हणतो, तो फक्त या दोन कृतींचा शॉर्टकट आहे. ज्याला मूळ कृती माहीत आहे त्याने शॉर्टकट जरूर वापरावा. ज्याला ती माहीत नाही, तो ५० रुपयांच्या नोटेत ५५ रुपयांच्या वह्या घेऊन येतो.

बगदादचा एक जुना हिशेब

हे नाव ज्यांच्या किताबावरून जगभर गेले ते मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी. अब्बासी खलिफा मामून यांच्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३ या वर्षांत, बगदादला विद्वानांचा मोठा मेळा होता आणि ख्वारिज्मी हे त्यांतले एक. जब्र आणि मुकाबला यांवरचा त्यांचा किताब त्याच काळातला, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा. आपण हा किताब का लिहीत आहोत हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. विरासत, वसीयत, वाटण्या, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशा रोजच्या कामांत लोकांना हिशेब लागतो, तो सोपा व्हावा म्हणून. किताबाचा मोठा भाग तर वसीयत आणि विरासतीच्या हिशेबांचाच आहे.

विशेष म्हणजे त्या किताबात क्ष नाही, बेरजेचे चिन्ह नाही, बरोबरचेही चिन्ह नाही. सगळे शब्दांत लिहिले आहे. माहीत नसलेल्या रकमेला ते ‘शै’ म्हणतात, म्हणजे ‘वस्तू’. तोच शब्द आपण उर्दूत आजही वापरतो.

त्या किताबातला एक हिशेब आपल्या घराघरांना कळेल असा आहे. एक माणूस वारला. मागे दोन मुले. एक तृतीयांश मालमत्ता त्याने वारस नसलेल्या एका माणसाला वसीयत केली. रोख १० दिरहम आहेत. शिवाय एका मुलाकडे बापाचे १० दिरहम कर्ज आहे. त्या कर्जातून किती रक्कम त्या मुलाच्या वाट्यात वळती धरायची?

घाईने कोणी म्हणेल, १० आणि १० मिळून २०, त्याचे तीन भाग, प्रत्येकी ६ दिरहम आणि २/३. पण मग वसीयतवाल्याला आणि दुसऱ्या मुलाला मिळून १३ दिरहम आणि १/३ रोख द्यावे लागतील. पेटीत तर दहाच आहेत! कोणाचा तरी हक्क बुडणार.

अडचण कुठे आहे पाहा. वाटा काढायचा तर एकूण वाटणी किती रकमेची हे माहीत हवे. आणि ती रक्कम काढायची तर कर्जदार मुलाचा वाटा माहीत हवा, कारण तेवढेच कर्ज त्यात धरायचे आहे. एकाशिवाय दुसरे नाही. ख्वारिज्मी अशा वेळी अंदाज करत नाहीत. जे माहीत नाही त्याला ते आधी नाव देतात. कर्जातून वळती होणारी रक्कम म्हणजे ‘शै’. मग वाटणीची रक्कम झाली दहा आणि एक शै. त्यातला तिसरा हिस्सा वसीयतीचा. उरलेले दोन हिस्से दोन मुलांचे, म्हणजे प्रत्येकी एक. तिन्ही हिस्से सारखे झाले. आणि कर्जदार मुलाचा हिस्सा म्हणजेच ती शै.

ते हा हिशेब अपूर्णांकांतून पुढे नेतात. आपण तोच अपूर्णांक टाळून पाहू. तीन हिस्से सारखे आणि प्रत्येक हिस्सा एक शै, म्हणून :

१० + शै = ३ शै

आता मुकाबला करा. दोन्हीकडून एक एक शै काढा. १० = २ शै. शै म्हणजे ५ दिरहम. किताबातले उत्तरही हेच आहे.

पडताळा घेऊ. वाटणी १० आणि ५, म्हणजे १५ ची. वसीयतवाल्याला ५ रोख, दुसऱ्या मुलाला ५ रोख, पेटीतले १० संपले. कर्जदार मुलाचे ५ त्याच्याच कर्जातून वळते झाले. तिघांना सारखे मिळाले आणि कोणाचा हक्क बुडला नाही. कर्जाच्या उरलेल्या पाच दिरहमांचा निवाडा फिकहचा आहे. वाटण्याचा हिशेब इथे पुरा झाला.

आपल्या मोहल्ल्यात वाटणीवरून भाऊ भावाशी, बहीण भावाशी बोलत नाही अशी घरे आपण पाहिली आहेत. तिथे नीयतीचा प्रश्न असतोच, पण पुष्कळदा हिशेबाचा गोंधळही असतो. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगितले आहेत, सूरह रहमानमध्ये तोल राखण्याची आणि मापात कमी न करण्याची ताकीद आहे. हिस्सा माहीत असणे एक आणि तो बरोबर काढता येणे दुसरे. ज्या घरातल्या मुलीला समीकरण कळते, त्या घरात तिचा हिस्सा किती हे तिला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

एकाच पुडीची अनेक नावे

हा वारसा एकट्या बगदादचा नाही. ख्वारिज्मींनी भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या पद्धतीवरही लिहिले आणि युरोपला ते अंक शिकवण्यात त्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. ‘अल्गोरिदम’ हा आजच्या संगणकाचा शब्द त्यांच्याच नावाचा लॅटिन उच्चार आहे. जब्रचा किताब ११४५ मध्ये स्पेनमध्ये लॅटिनमध्ये उतरवला गेला.

आपल्याकडचा ‘बीजगणित’ हा शब्द भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ग्रंथाचेही नाव आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. आपल्या गणितज्ञांनी अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटले, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. पुढे अकबर बादशाहाच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत आणली आणि शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी यांनी ‘बीजगणित’ फारसीत उतरवले. शै म्हणा, यावत्तावत् म्हणा की क्ष म्हणा, पुडी तीच. म्हणून आपल्या मुलांनी हा विषय परका समजू नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट : प्रत्येक समीकरणाला उकल असतेच असे नाही. क्ष + ३ = क्ष + ५ हे पाहा. दोन्हीकडून क्ष काढला तर ३ = ५ उरते, जे कधीच खरे नाही. अशा वेळी मुले घाबरतात, आपलेच चुकले म्हणून खाडाखोड करतात. पण ‘याला उकल नाही’ हेही पुरे उत्तर आहे. उलट २(क्ष + १) = २क्ष + २ हे कोणत्याही संख्येला खरे ठरते. उकल म्हणजे खरे करणारी संख्या हे ज्याला माहीत आहे, तो दोन्ही ठिकाणी अडत नाही.

दुसरी गोष्ट : दोन्ही बाजूंना सारखे करायचे, पण शून्याने गुणायचे नाही आणि शून्याने भागायचे तर मुळीच नाही. शून्याने गुणले की दोन्ही बाजूंना शून्य येते. तराजू समतोल दिसतो, पण पारडी रिकामी असतात. माल गेला, हिशेब गेला, नुसता काटा मधोमध.

घरच्यांना काय करता येईल?

पुष्कळ अम्मी-अब्बा आम्हाला म्हणतात, “सर, आम्ही चौथी-सातवी शिकलेलो. पोरांचा अभ्यास कसा घ्यायचा?” त्यांच्यासाठी तीन प्रश्न सांगतो. ते विचारायला स्वतःला गणित यावे लागत नाही.

१. “यातला क्ष म्हणजे काय?” मुलाने ‘वहीची किंमत’, ‘पुडीचं वजन’, ‘मामूंचं वय’ असे काहीतरी सांगितले पाहिजे. ‘क्ष म्हणजे क्ष’ असे म्हणाला तर तिथेच थांबवा.

२. “वरच्या ओळीतून ही ओळ कशी आली? दोन्ही बाजूंना काय केलंस?” ‘पलीकडे नेलं’ हे उत्तर स्वीकारू नका. काय मिळवले, काय काढले, कशाने भागले हे सांगू द्या.

३. “उत्तर मूळ गणितात घालून पाहिलंस का?” हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. पडताळा घेणारे मूल आपली चूक स्वतः पकडते, शिक्षकाच्या लाल पेनाची वाट पाहत नाही.

हे तीन प्रश्न आम्हीही आता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, कारण विसरणारे आम्हीच होतो.

त्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. वार्षिक परीक्षेत तिचा पहिला नंबर आला नाही, पण गणितात ती चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिच्या प्रत्येक उत्तराखाली पडताळा होता. एका गणितात तिची एक पायरी चुकली होती, पडताळा जुळला नाही, म्हणून तिने ती स्वतःच खोडून पुन्हा केली होती. त्या खाडाखोडीवर आम्ही बरोबरची खूण केली. जूनमध्ये तिचे अब्बा स्वतः तिला नववीच्या वर्गापर्यंत सोडायला आले. जाताना म्हणाले, “सर, आता दुकानाचा महिन्याचा हिशेबही तीच तपासते. मागच्या महिन्यात माझीच चूक निघाली.”

अल्हम्दुलिल्लाह. मुलांच्या मोडलेल्या हिंमतीलाही कधी कधी जब्र लागतो, म्हणजे सांधणे लागते. तेवढे आपण शिक्षकांनी आणि घरच्यांनी मिळून केले, तर पुडीत काय आहे ते मुले स्वतः शोधून काढतील, इन्शाअल्लाह.